क्रिस्टा-मारियाच्या बाजूने

'दास लेबेन देर आंदेरेन', म्हणजे 'दुसऱ्यांची आयुष्ये', हा जर्मन चित्रपट २००६ साली प्रदर्शित झाला आणि पुढच्या वर्षी त्याला परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. फ्लोरियान हेंकेल फॉन डोनर्समार्क या दिग्दर्शकाचा तो पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट होता. त्याच्याविषयी जिथे जिथे लिहिले जाते तिथे बहुधा एकाच माणसाचे कौतुक असते: पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा, म्हणजे श्टाझीचा अधिकारी गेर्ड वीस्लर, जो एका नाटककाराच्या घरातले बोलणे चोरून ऐकता ऐकता आतून बदलत जातो आणि अखेर त्याच नाटककाराला वाचवतो. उलरिश म्युहे या नटाने वीस्लरची भूमिका इतक्या संयमाने केली आहे की ते कौतुक योग्यच आहे. तरीही हा चित्रपट जितक्या वेळा पाहिला तितक्या वेळा माझे मन वीस्लरपाशी न थांबता क्रिस्टा-मारिया झीलांड या नटीपाशी थांबले. मार्टिना गेडेकने उभी केलेली ही बाई आपल्या माणसाची गुपिते पोलिसांना सांगते आणि त्याच दिवशी जीव गमावते. तिची बाजू कुणीतरी सविस्तर मांडायला हवी असे मला वाटत आले आहे. त्यासाठी कथा शेवटापर्यंत सांगावी लागेल. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा आणि मग हे वाचावे.

कथा १९८४ सालच्या पूर्व बर्लिनमध्ये सुरू होते. गेऑर्ग ड्रायमन हा सरकारच्या मर्जीतला आणि तरीही पश्चिमेकडे वाचला जाणारा नाटककार आहे. क्रिस्टा-मारिया ही त्याच्या नाटकांची नायिका आणि त्याच्याबरोबर संसार मांडलेली त्याची सखी. मंत्री ब्रुनो हेम्फ याची नजर तिच्यावर आहे आणि ड्रायमन त्याच्या वाटेतला अडसर आहे. तो अडसर दूर करता येईल असे काही हाती लागावे म्हणून ड्रायमनच्या घरावर पाळत बसते. भिंतींच्या आत तारा जातात, माळ्यावर वीस्लर कानाला हेडफोन लावून बसतो, टंकलिखित अहवालांची चळत वाढू लागते आणि हे सारे राज्याच्या सुरक्षिततेच्या नावाखाली चालते. प्रत्यक्षात मुळाशी आहे ती एका सत्ताधाऱ्याला हवी असलेली एक बाई. ही गोष्ट चित्रपट पहिल्या अर्ध्या तासात स्पष्टपणे दाखवतो, पण पुढे नाटककार, लेख, लपवलेले टंकलेखन यंत्र आणि वीस्लरचे मनपरिवर्तन यांच्या ओघात ती प्रेक्षकाच्या मनातून पुसट होते. क्रिस्टा-मारियाच्या मनातून ती क्षणभरही जात नाही, कारण मंत्र्याच्या गाडीच्या मागच्या आसनावर बसावे लागते ते तिला.

तिच्याजवळ एक गुपित आहे. ती चोरून मिळवलेल्या औषधांच्या गोळ्या घेते आणि त्यांच्याशिवाय तिला राहवत नाही. मंत्र्याजवळ तिच्याहून मोठी वस्तू आहे: रंगमंचावर कोण उभे राहील आणि कोण नाही हे ठरवण्याचा अधिकार. तिच्या डोळ्यांसमोर अल्बर्ट येर्स्का या दिग्दर्शकाचे उदाहरण आहे. त्याला काम करण्यास मनाई झाली, वर्षे गेली आणि अखेर त्याने आत्महत्या केली. ड्रायमनला हे मंत्रिप्रकरण कळते तेव्हा तो तिला विनवतो की त्या माणसाकडे जाऊ नकोस, तुला त्याची गरज नाही, तुझी कला पुरेशी आहे. तिचे उत्तर मला या चित्रपटातले सर्वांत प्रामाणिक बोलणे वाटते. तिचा आशय असा की, तूही त्यांच्याच अंगाखाली आहेस. कुणी लिहायचे, कुणी खेळायचे, कुणी बसवायचे हे तेच ठरवतात आणि तू त्यांच्याशी जुळवून घेतोस, कारण येर्स्कासारखे संपायचे नाही. ड्रायमनला यावर काही बोलता येत नाही. त्याची तडजोड प्रतिष्ठित आहे, पुरस्कार आणि प्रयोग यांच्या रूपाने ती चारचौघांत मिरवते. तिची तडजोड शरीराची आहे, म्हणून ती लाजिरवाणी ठरते.

सांगलीत वाढलेल्या माणसाला सत्ताधारी आणि नटी यांची ही गोष्ट परकी वाटत नाही. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' इथे सादर केले तेव्हापासून हे गाव स्वतःला नाट्यपंढरी म्हणवते आणि याच गावात १८७२ साली जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली 'कीचकवध' लिहिले. त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन आणि सैरंध्री म्हणजे हिंदुस्थान हे प्रेक्षकांना सांगावे लागत नव्हते. सरकारलाही ते कळले आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. आपण ते नाटक राजकीय रूपक म्हणून शिकतो आणि शिकवतो. परंतु रूपक बाजूला ठेवून सैरंध्रीची अवस्था पाहिली तर ती क्रिस्टा-मारियाची अवस्था आहे. विराटाच्या महालात ती दासी म्हणून राहते, राजाचा मेहुणा आणि सेनापती तिच्या मागे लागतो, राणी सुदेष्णा तिला मद्य आणण्याच्या निमित्ताने त्याच्याच घरी धाडते आणि तिला मोठ्याने तक्रारही करता येत नाही, कारण ती कोण आहे हे उघड झाले तर पाचही पतींचा अज्ञातवास मोडेल. गुपित तिच्या माणसांचे आहे आणि त्याची किंमत तिने मोजावी अशी सर्वांची अपेक्षा आहे. धर्मराज तिला धीर धरायला सांगतो. फरक एवढाच की सैरंध्रीला रात्री उठवता येईल असा भीम होता. क्रिस्टा-मारियाने कुणाला उठवायचे होते?

माझी आत्या तरुणपणी राज्य नाट्य स्पर्धेत काम करीत असे. तालमीहून उशिरा परतताना सोबतीला भाऊ हवा, भूमिका आधी घरी वाचून दाखवायची, अशा अटींवर तिने भावे नाट्यमंदिरात प्रयोग केले आणि लग्नानंतर ते सुटले. तिच्याबरोबर हा चित्रपट पाहताना मद्यगृहाचे दृश्य आले. मंत्र्याकडे जाण्याआधी क्रिस्टा-मारिया एकटी बसली आहे आणि वीस्लर, जो तिला अपरिचित आहे, तिच्याजवळ जाऊन सांगतो की मी तुमचा प्रेक्षक आहे, तुम्ही रंगमंचावर आत्ता आहात त्याहून अधिक खऱ्या असता. त्या बोलण्याने ती मंत्र्याकडे न जाता घरी परतते. मला हे दृश्य वीस्लरच्या चांगुलपणाचे वाटत होते. आत्या म्हणाली, "अगं, हाही तिला सांगतोच आहे ना, काय कर आणि काय करू नको ते? मंत्री सांगतो ये, नवरा सांगतो जाऊ नको, आता हा तिसरा आला. तुला काय हवंय, असं विचारलं का कुणी तिला?" मी चित्रपट तिथेच थांबवला आणि आम्ही बराच वेळ यावरच बोलत बसलो. नटीला प्रेक्षकाचे प्रेम किती लागते आणि त्या प्रेमापायी ती किती जोखीम घेते हे आत्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. क्रिस्टा-मारिया त्या अनोळखी माणसाच्या शब्दावर मंत्र्याला नाकारते आणि त्या नकाराचा सूड म्हणून तिला अटक होते. शब्द देणारा माळ्यावर सुरक्षित असतो.

या मुख्य कथेच्या कडेला एक लहानसे दृश्य आहे. ड्रायमनच्या घरात यंत्रे बसवून पोलीस बाहेर पडत असताना समोरच्या घरातील फ्राऊ माइनेके दाराच्या छिद्रातून ते पाहते. वीस्लर तिचे दार वाजवतो आणि शांतपणे सांगतो की एक शब्द जरी बाहेर गेला तर तुमच्या मुलीची, माशाची, वैद्यकीय शिक्षणाची जागा उद्या गेलेली असेल. मग तो सहकाऱ्याला त्या बाईंना सहकार्याबद्दल एक भेटवस्तू पाठवायला सांगतो. पुढे ड्रायमनच्या वाढदिवशी त्याला टाय बांधता येत नाही, तेव्हा तो जिन्यात भेटलेल्या याच शेजारणीला गाठ बांधून देण्याची विनंती करतो. तिची बोटे थरथरतात, ती त्याच्या गळ्याशी उभी आहे, त्याच्या घरात काय पेरले आहे ते तिला ठाऊक आहे. तो तिला हसत विचारतो, गुपित राखता येते ना? त्याला फक्त टायचे गुपित अभिप्रेत आहे, क्रिस्टा-मारियाला वाटावे की गाठ त्यानेच बांधली. ती होकार देते. एवढीच तिची भूमिका, पण जबरदस्तीने करविलेला विश्वासघात कसा दिसतो हे याहून नेमके दाखवता येणार नाही: समोर उभा असलेला माणूस सज्जन आहे, तोंडाशी आलेला शब्द त्याला वाचवू शकतो आणि त्या शब्दाची किंमत स्वतःच्या लेकीने मोजायची आहे.

माशाच्या त्या जागेने मला माझ्या कृष्णाकाठच्या माहेरगावातील एका काकींची आठवण दिली. त्या ग्रामपंचायतीच्या सदस्य होत्या. सरपंचांवर अविश्वास ठराव आला तेव्हा काकी सरपंचांच्या बाजूच्या होत्या. त्यांच्याच गटातून निवडून आल्या होत्या, त्यांच्या घरी त्यांचे जाणेयेणे होते. ठरावाच्या आधी रात्री जेवणाच्या वेळी दोघे जण घरी आले. चपला दाराबाहेर नीट काढून ठेवल्या, चहा घेतला, ऊस कधी तुटणार याची चौकशी केली. उठता उठता एकाने विचारले, "पोराची ऑर्डर जूनमध्ये निघायची आहे ना, काकी?" काकींचा मुलगा एका संस्थेत तात्पुरता शिपाई होता आणि कायम होण्याची वाट पाहत होता. धमकीचा एक शब्दही कुणी उच्चारला नाही. दुसऱ्या दिवशी काकींचा हात ठरावाच्या बाजूने वर गेला. त्यानंतर गावात त्यांना हळदीकुंकवाचे बोलावणे येईनासे झाले, पारावरच्या गप्पांत त्यांच्या नावापुढे फितूर ही पदवी लागली आणि सरपंचांच्या घरच्या बायकांनी पाणवठ्यावर त्यांच्याकडे पाठ फिरवली. रात्री येऊन चहा पिऊन गेलेल्या त्या दोघांना मात्र गावाने कोणतेच नाव ठेवले नाही. ते पुढच्या जत्रेच्या समितीत होते. काकींनी मला हे सांगितले तेव्हा त्यांच्या बोलण्यात समर्थन नव्हते. "हात माझाच होता," एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

क्रिस्टा-मारियाचा हात कसा वर करविला जातो ते चित्रपट पायरीपायरीने दाखवतो. येर्स्काच्या मृत्यूनंतर ड्रायमन पूर्व जर्मनीतील आत्महत्यांवर एक लेख लिहितो आणि तो पश्चिम जर्मनीच्या 'डेर श्पीगेल'मध्ये निनावी छापून येतो. ज्या लहान यंत्रावर तो टंकलिखित झाला, लाल शाईची फीत असलेल्या त्या यंत्राचा शोध श्टाझीला हवा आहे. ते यंत्र घरातल्या उंबऱ्याखाली दडवलेले आहे. मंत्र्याच्या इशाऱ्यावरून क्रिस्टा-मारियाला गोळ्यांच्या प्रकरणात पकडले जाते. आंटोन ग्रुबिट्झ हा वरिष्ठ अधिकारी तिला सांगतो की तुम्ही एका फार बलवान माणसाचे शत्रुत्व ओढवून घेतले आहे. ती लेखकाचे नाव सांगते. झडती होते, काही सापडत नाही. मग वीस्लरला तिच्यासमोर बसवले जाते आणि आरशामागून ग्रुबिट्झ पाहत राहतो. आपल्याला मद्यगृहात भेटलेला प्रेक्षक हाच, हे तिला त्या क्षणी कळते. तो तिला रंगमंचाची आठवण करून देतो, सुटकेचे आश्वासन देतो, ड्रायमनला काही कळणार नाही असेही सुचवतो आणि ती यंत्राची जागा सांगते.

या प्रसंगावर टीका करणारे म्हणतात की तिने फार लवकर हार पत्करली. मला वाटते, त्यांनी त्या खोलीत तिच्याजवळ काय काय उरले होते याची मोजदाद करावी. गोळ्या त्यांच्या हाती, रंगमंच त्यांच्या हाती, आणि ज्याने तिला परत घरी पाठवले तो एकमेव आपुलकीचा माणूसही त्यांचाच निघाला. श्टाझीच्या कामकाजात माणसाचा एकेक आधार काढून घेण्याची रीत लेखी नियमांत बसवलेली होती. १९७६ सालच्या त्यांच्या एका निर्देशात लोकांची नाती, कीर्ती आणि आत्मविश्वास पद्धतशीरपणे पोखरण्याचे उपाय दिलेले आहेत. खबऱ्यांची भरती करण्याचेही ठरलेले मार्ग होते: विचार पटवून, लाभ दाखवून किंवा त्या माणसाविरुद्ध हाती आलेल्या माहितीच्या जोरावर. बहुसंख्य लोक पहिल्या मार्गाने आले, धमकीची गरजही पडली नाही. १९८९ मध्ये सुमारे १.६ कोटी लोकांच्या त्या देशात श्टाझीचे सुमारे ९१,००० पगारी कर्मचारी आणि दीड लाखाहून अधिक अनधिकृत खबरे होते. नव्या खबऱ्याकडून बहुधा स्वतःच्या हस्ताक्षरात संमतीपत्र लिहून घेत आणि त्याला टोपणनाव निवडायला सांगत. दबाव कुणाचाही असो, कागदावर अक्षर त्या माणसाचेच उरते. काकींचे "हात माझाच होता" मला इथे पुन्हा ऐकू येते.

आमच्या भागात याच्या उलट उदाहरणेही आहेत आणि ती मी अभिमानाने सांगते. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातारा भागात प्रतिसरकार चालले. आज सांगली जिल्ह्यात असलेले कुंडल हे त्याचे मोठे केंद्र होते. इंग्रज सरकारने नाना पाटलांचे घर आणि जमीन जप्त केली, घरच्या बायकामुलांना दारिद्र्यात लोटले. त्यांची कन्या हौसाबाई पाटील यांनी भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एका बाईला मारहाण होत असल्याचे नाटक वठवले, पोलीस ते पाहण्यात आणि सोडवण्यात गुंतले आणि साथीदारांनी ठाण्यातील शस्त्रे पळवली. किती बायकांनी निरोप पोहोचवले, किती जणींनी दाराशी आलेल्या शिपायांना काही सांगितले नाही, याची सगळी नोंद कुठेच नाही. त्यांचे धैर्य मोठे होते यात शंका नाही. पण त्या बायकांच्या मागे गाव होते. भाकरी कुणाकडे मिळेल, पोरे कुणाच्या घरी झोपतील, पकडले गेल्यावर शेत कोण पाहील, याची उत्तरे शेजारच्या घरात होती. खबऱ्यांना प्रतिसरकारने कडक शिक्षा दिल्या हे आपण सांगतो. न फुटलेल्या माणसांना गावाने कसे सांभाळले, हे तितक्याच तपशिलाने सांगितले जात नाही. काकी त्याच मातीतल्या, त्याच पिढीच्या लेकीसुना. फक्त त्या रात्री त्यांच्या घरी त्या एकट्याच होत्या आणि मुलगा कायम झाला नाही तर काय, या प्रश्नाला गावाजवळ उत्तर नव्हते.

चित्रपटाचा पुढचा भाग सर्वांना पाठ आहे. वीस्लर पोलिसांच्या आधी घरी पोहोचून यंत्र काढून नेतो. ग्रुबिट्झ उंबऱ्यापाशी जातो तेव्हा ड्रायमन तिच्याकडे पाहतो आणि त्या एका नजरेत त्याला सारे कळते. ती तशीच जिना उतरून रस्त्यावर धावते आणि ट्रकखाली येते. यंत्र तिथे नाही हे कळण्याइतकाही अवधी तिला मिळत नाही. वीस्लर तिच्याजवळ वाकून काही सांगू पाहतो. ती मात्र स्वतःच्या दुबळेपणाबद्दल आणि कधीच न भरून येणाऱ्या चुकीबद्दल बोलते. ड्रायमन पुढे वर्षानुवर्षे समजत राहतो की यंत्र तिनेच हलवले. भिंत पडल्यावर तो स्वतःवरील कागदपत्रे वाचायला जातो, तेव्हा तिच्या सुटकेची वेळ पाहून त्याच्या लक्षात येते की हे तिला शक्यच नव्हते आणि अहवालाच्या अखेरच्या पानावर लाल शाईचा ठसा दिसतो. ते काम एचजीडब्ल्यू वीस-सात या सांकेतिक नावाच्या अधिकाऱ्याचे असते. तो कादंबरी लिहितो आणि कृतज्ञतेने ती त्या सांकेतिक नावाला अर्पण करतो. वीस्लर दुकानात ती विकत घेतो, तिथे चित्रपट संपतो.

बर्लिनच्या होहेनशोनहाउझेन येथील श्टाझीचा तुरुंग आता स्मारक आहे. त्याच्या तेव्हाच्या संचालकांनी तिथे चित्रीकरणाला परवानगी नाकारली, कारण छळ करणाऱ्या यंत्रणेतला अधिकारी इथे नायक होतो आणि अशा सुटका करणाऱ्या अधिकाऱ्याचे उदाहरण इतिहासात नाही, असा त्यांचा आक्षेप होता. तो आक्षेप मला पटतो, पण त्यात एक भर घालावीशी वाटते. अधिकाऱ्याने एकदा चांगले वागले तर त्याला अर्पणपत्रिका मिळते. बाईने एकदा दबावाखाली तोंड उघडले तर तिला मृत्यू मिळतो, आणि पटकथेला त्याखेरीज तिच्यासाठी काही सुचलेले दिसत नाही. ती जगली असती तर ड्रायमनला तिच्यासमोर बसून बोलावे लागले असते. ते दृश्य लिहिणे कठीण होते आणि ते टाळले गेले असे माझे स्पष्ट मत आहे. म्युहे याच्या स्वतःच्या आयुष्यातही याची वेदनादायक छाया होती. आपली पूर्वाश्रमीची पत्नी, जी स्वतः नटी होती, श्टाझीची खबरी होती असे त्याने कागदपत्रांच्या आधारे म्हटले. तिने ते अखेरपर्यंत नाकारले आणि न्यायालयाने तो दावा छापण्यास मनाई केली. २००६ च्या ऑगस्टमध्ये ती वारली, २००७ च्या जुलैमध्ये तो. कागद तिच्याविषयी बोलत होते, पण ते लिहिले होते श्टाझीच्या माणसाने.

आत्याशी माझा एका मुद्द्यावर अजून वाद चालू आहे. ड्रायमनच्या त्या कादंबरीत काय आहे हे चित्रपट सांगत नाही. आपल्याला फक्त मुखपृष्ठ आणि अर्पणपत्रिका दिसते. आत्या म्हणते की तिच्यात क्रिस्टा-मारिया असणारच, कारण भिंत पडल्यानंतर आपलेच नाटक दुसऱ्या नटीने केलेले पाहताना त्याला बसवत नाही, तो उठून बाहेर येतो. असा माणूस तिला वगळून पुस्तक लिहूच शकत नाही. मी म्हणते की असेल, पण मग तिला त्या उंबऱ्यापाशी सोडून आलेली ती नजर त्याने पुस्तकात लिहिली आहे का, आणि त्या नजरेला स्वतःची म्हटले आहे का, हे मला वाचायचे आहे. आत्याचे म्हणणे, तू त्याच्यावर फार कडक होतेस, त्याने तिला कधी दोष दिला नाही. खरे आहे, त्याने दिला नाही. काकींनाही सरपंचांनी तोंडावर कधी दोष दिला नव्हता.